बॅकअपच्या वेळीच अडकणारा माउस : एका पतसंस्थेतील प्रकरण अभ्यास

तालुक्याच्या गावातील एका नागरी सहकारी पतसंस्थेत रोखपालांच्या टेबलावरचा वायरलेस माउस दिवसातल्या काही वेळा नीट चालेनासा होतो, अशी तक्रार मार्चमध्ये, वर्षअखेरीची कामे ऐन भरात असताना, माझ्याकडे आली. संगणक दुरुस्तीच्या व्यवसायात माउसची तक्रार सर्वांत किरकोळ समजली जाते आणि बहुतेक वेळा ती तशी असतेही. सेल उतरलेला असतो, नाहीतर डोंगल, म्हणजे माउसचा संकेत पकडणारा यूएसबी पोर्टमधला छोटा तुकडा, सैल बसलेले असते. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले, कारण यात माउस, संगणक आणि विंडोज ही तिन्ही निर्दोष होती आणि तरीही काउंटरवरचे काम रोज थांबत होते. आज बाहेरची हार्ड डिस्क आणि वायरलेस माउस एकाच संगणकाला जोडलेले अनेक कार्यालयांत दिसतात, त्यामुळे हा दोष अनेकांना भेटत असणार. मात्र तो ओळखला न गेल्याने चांगले माउस कचऱ्यात जातात आणि चांगले संगणक विनाकारण फॉरमॅट होतात.

तक्रारीचे नेमके स्वरूप असे होते. कर्सर अडखळत सरके, मध्येच जागच्या जागी थांबे आणि पुढच्या क्षणी उडी मारून पडद्याच्या भलत्याच कोपऱ्यात जाई. क्लिक कधी लागत नसे, तर कधी उशिरा लागे. चाक फिरवले तर खातेदारांची यादी थोडी सरकून थांबे आणि मग एकदम पुष्कळ खाली जाई. घरी हा नुसता वैताग ठरला असता. रोखीच्या काउंटरवर त्याचा अर्थ वेगळा होतो. एका भरण्याची पावती जतन करताना बटण दाबले गेलेच नाही असे समजून रोखपाल मॅडमनी ते पुन्हा दाबले, आणि आधीचा रेंगाळलेला क्लिक व नंतरचा क्लिक असे दोन्ही लागून एकाच रकमेच्या दोन नोंदी पडल्या. संध्याकाळी रोकड जुळेना, तेव्हा दिवसभराच्या पावत्या एकेक करून तपासाव्या लागल्या आणि दुसरी नोंद रद्द करण्यासाठी व्यवस्थापकांची मंजुरी घ्यावी लागली. माझ्याकडे निरोप आला तो या प्रसंगानंतर.

तोपर्यंत संस्थेत आपल्या परीने बरेच उपाय करून झाले होते. सेल बदलला होता. माउस जुना झाला असेल म्हणून त्याच कंपनीचा नवा आणला होता आणि तोही तसाच वागला. टेबलावर जाड काच होती. तिच्याखाली ठेवींच्या व्याजदराचा तक्ता, दिनदर्शिकेचे पान आणि रोजची ठेव गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटांच्या दूरध्वनी क्रमांकांची यादी सरकवलेली होती. काचेवर माउस चालत नाही असे कोणीतरी सांगितल्यावरून माउस पॅडही घेतले होते. त्यानंतर आलेल्या एका तंत्रज्ञाने ड्रायव्हर (विंडोजला माउस ओळखून देणारा प्रोग्राम) काढून पुन्हा टाकला, दिवसभर ठीक वाटल्याचे ऐकले आणि पुन्हा तक्रार आल्यावर विंडोज खराब झाले आहे, फॉरमॅट मारावे लागेल, असा निर्णय दिला. मार्चमध्ये रोखपालांचा संगणक फॉरमॅटला देणे म्हणजे हिशेबाचे सॉफ्टवेअर, छपाईची मांडणी आणि पिग्मी यंत्राची जोडणी हे सारे नव्याने बसवणे. व्यवस्थापकांनी तो निर्णय लांबणीवर टाकला, हे योग्यच झाले.

मी गेलो तेव्हा सकाळची वेळ होती आणि माउस अगदी व्यवस्थित चालत होता. “सर, सकाळी काहीच त्रास नसतो हो. जेवणानंतर सुरू होतं, मग जातं, आणि पुन्हा बंद करायच्या वेळेला येतं,” असे रोखपाल मॅडमनी सांगितले. शेजारी उभे असलेल्या शिपाई मामांचे मत ठाम होते : “पिग्मीचं मशीन लावलं की माउस बिघडतो. मी पाहिलंय ना रोज.” पिग्मी एजंट दिवसभर दुकानादुकानांतून रोजची ठेव गोळा करून संध्याकाळी यंत्र आणून देतात, ते यूएसबीने याच संगणकाला जोडले जाते आणि त्यातल्या नोंदी उतरवून घेतल्या जातात. मामांच्या निरीक्षणाकडे दुर्लक्ष करण्याचे मला काही कारण दिसले नाही. ज्या उपकरणाचा दोष सतत न राहता येतो-जातो, त्याच्या बाबतीत तो ‘केव्हा’ येतो याची माहिती कोणत्याही मोजमापापेक्षा मोलाची असते, आणि ती माहिती तंत्रज्ञाकडे नसते. दिवसभर त्या यंत्रासमोर बसणाऱ्या माणसांकडे असते. फक्त पिग्मी यंत्राच्या तर्काने दुपारच्या त्रासाचा उलगडा होत नव्हता, कारण दुपारी ते यंत्र एजंटाच्या पिशवीत, बाजारपेठेत असे.

म्हणून मॅडमना एक विनंती केली : त्रास सुरू झाला की वेळ लिहायची, संपला की वेळ लिहायची, आणि त्या दरम्यान टेबलाभोवती काय काय चालू होते ते दोन शब्दांत नोंदवायचे. त्यांनी ते रोखपुस्तकाइतक्याच काटेकोरपणे केले. पुढच्या भेटीत त्या नोंदी वाचताना एक गोष्ट लगेच उठून दिसली. दुपारच्या प्रत्येक नोंदीपुढे ‘बॅकअप’ हा शब्द होता, आणि संध्याकाळी ‘पिग्मी, बॅकअप’ असे दोन्ही शब्द होते. जेवणाच्या सुट्टीनंतर एकदा आणि दिवसाचे काम बंद करताना एकदा, असा डेटाचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेण्याची पद्धत होती. ही डिस्क जानेवारीत विकत घेतलेली होती. त्याआधी बॅकअप एका जुन्या पेन ड्राइव्हवर घेतला जाई. माउसची पहिली तक्रारही साधारण त्याच सुमाराची होती.

ही वेळ जुळणे म्हणजे पुरावा नव्हे. बॅकअप चालू असताना संगणकच दमतो आणि म्हणून कर्सर अडकतो, हे स्पष्टीकरण तितकेच शक्य होते आणि सर्वांच्या मनात तेच होते. म्हणून दुपारच्या बॅकअपच्या वेळी मुद्दाम हजर राहून तपासणी केली. डिस्क जोडताच काही क्षणांत कर्सर अडखळू लागला. त्याच वेळी कीबोर्डवर टंकलेली अक्षरे मात्र पडद्यावर विनाविलंब उमटत होती. कीबोर्ड तारेचा होता. संगणक दमला असता तर अक्षरेही रेंगाळली असती. मग तारेचा एक साधा माउस लावला, आणि तोही डोंगल काढून त्याच पोर्टमध्ये लावला. बॅकअप चालू, डिस्क जोडलेली, आणि कर्सर पाण्यासारखा सरकत होता. माझ्या मते माउसच्या कोणत्याही तक्रारीत ही सर्वांत उपयुक्त एकच चाचणी आहे. तिने एका झटक्यात पोर्ट, त्यामागचा वीजपुरवठा, विंडोज, ड्रायव्हर आणि संगणकावरचा ताण हे सारे संशयातून मोकळे केले. फॉरमॅटचा विषय तिथेच संपला.

उरले ते माउस आणि डोंगल यांच्यामधले. सेल मल्टिमीटरने मोजला तर दीड व्होल्टच्या वर होता, म्हणजे जवळजवळ नवा. काचेची शंका क्लिकवरून निकालात निघत होती. माउसच्या पोटातला ऑप्टिकल सेन्सर पृष्ठभागाची दर सेकंदाला हजारो चित्रे टिपतो आणि लागोपाठच्या चित्रांतील फरकावरून हालचाल ओळखतो. नितळ काचेवर त्याला टिपण्यासारखे काही मिळत नाही, म्हणून कर्सर भरकटतो, पण बटणांचा त्या सेन्सरशी काहीही संबंध नाही. काचेवर चालणाऱ्या माउसचे क्लिक अचूकच लागतात. इथे हालचाल, क्लिक आणि चाक ही तिन्ही एकाच वेळी बिघडत होती. या तिघांचा एकत्र प्रवास जिथे होतो ती वाट एकच, माउसपासून डोंगलपर्यंतची रेडिओ लहर. विंडोज वीज वाचवण्यासाठी यूएसबी उपकरणाला झोपवते, त्या प्रकारातही माउस बंद पडतो, परंतु तो काही वेळ न वापरल्यावर पूर्ण थंड होतो आणि जागा झाल्यावर ठीक चालतो. सलग वापरात असताना असा अडखळत नाही.

रेडिओकडे बोट गेल्यावर पहिला संशय साहजिकच वायफायवर आला. वायरलेस माउसची डोंगले, ब्लूटूथ, बहुतेक वायफाय राउटर आणि मायक्रोवेव्ह भट्टी हे सगळे २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ या एकाच अरुंद पट्ट्यात वावरतात. बॅकअप चालू असताना संस्थेचा राउटर काही मिनिटे बंद करून पाहिला. माउसमध्ये यत्किंचितही फरक पडला नाही. डिस्कचा प्लग उपसला, माउस लगेच सुधारला. पुन्हा लावला, पुन्हा बिघडला. पिग्मी यंत्र एकटे जोडून पाहिले, तेव्हा माउस निर्वेध चालला. मामांनी पाहिले होते ते खरेच होते. संध्याकाळी यंत्र आणि डिस्क एकापाठोपाठ जोडली जात, आणि यंत्र डोळ्यांसमोर टेबलावर असे, तर डिस्क सीपीयूच्या मागे लोंबकळत असे.

टेबलाखाली वाकून मागची बाजू पाहिली तेव्हा चित्र पुरे झाले. सीपीयू लोखंडी टेबलाच्या कप्प्यात, पाठ भिंतीकडे करून ठेवलेला होता. मागे काळ्या रंगाचे यूएसबी २.० पोर्ट होते आणि त्यांच्या शेजारी निळ्या जिभेचे दोन यूएसबी ३.० पोर्ट एकावर एक होते. वरच्या निळ्या पोर्टमध्ये नखाएवढे डोंगल आणि खालच्यात हार्ड डिस्कचा प्लग. दोघांत बोटभर अंतरही नव्हते. डोंगलपासून माउस मात्र हातभर दूर, आणि मध्ये सीपीयूचा पत्रा व टेबलाचा पत्रा. संगणक बसवताना मोकळी दिसली त्या जागी डोंगल खोचले गेले, डिस्क वेगवान म्हणून निळ्या पोर्टमध्ये लावली गेली, आणि दोन्ही निर्णय आपापल्या जागी समंजस होते.

या ठिकाणी यूएसबी ३.० च्या कार्यपद्धतीकडे थोडे लक्ष द्यावे लागते. हे मानक नोव्हेंबर २००८ मध्ये जाहीर झाले आणि त्याने यूएसबी २.० चा सेकंदाला ४८ कोटी बिटांचा वेग थेट ५ अब्ज बिटांवर नेला. (आता खोक्यांवर यालाच यूएसबी ३.२ जेन १ म्हणतात, वेग तोच.) इतक्या वेगाने शून्य आणि एक एकाआड एक पाठवले, तर तारेतला संकेत सेकंदाला अडीच अब्ज वेळा, म्हणजे २.५ गिगाहर्ट्झने हेलकावे घेतो. प्रत्यक्षात बिट मुद्दाम विस्कळीत करून पाठवले जातात, त्यामुळे त्यांची ऊर्जा एका जागी न साठता फार मोठ्या पट्ट्यात पसरते, आणि माउसचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा नेमका त्या पसाऱ्यात सापडतो. प्लग, पोर्ट आणि केबल यांच्यावरचे धातूचे कवच जिथे कमी पडते तिथून हा गोंगाट बाहेर झिरपतो. इंटेलने एप्रिल २०१२ मध्ये या विषयावर स्वतंत्र तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले आणि त्यात २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या वायरलेस उपकरणांना होणारा हा उपद्रव मोजून दाखवला. म्हणजे ही गोष्ट उपकरणे बनवणाऱ्यांना दीर्घकाळ ठाऊक आहे. ती माउसच्या किंवा डिस्कच्या खोक्यावर ठळक छापलेली मात्र मला क्वचितच दिसते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण दोन ओळींच्या सूचनेने लोकांचे पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचले असते.

अंतराचा भाग इथे निर्णायक ठरतो. रेडिओ लहरीची शक्ती अंतर दुप्पट झाले की ढोबळमानाने चौथ्या हिश्श्यावर येते. डिस्कच्या प्लगमधून झिरपणारा गोंगाट मुळात क्षीण असतो, पण डोंगलपासून तो बोटभर अंतरावर होता. माउसचा संकेत मुद्दाम पाठवलेला असला तरी सेल टिकावा म्हणून तोही क्षीणच ठेवलेला असतो, आणि तो हातभर अंतरावरून, दोन पत्रे ओलांडून येत होता. कानाशी ताशा कडाडत असताना समोरच्याचे हळू बोलणे ऐकू येऊ नये, तशी डोंगलची अवस्था होत होती. हरवलेला संकेत माउस पुन्हा पाठवतो. पुन्हा पाठवण्यात वेळ गेला की कर्सर थांबलेला दिसतो, आणि साठलेली हालचाल एकदम पोचली की त्याची उडी दिसते. उशिरा लागणारा क्लिक आणि त्यातून पडलेली दुहेरी नोंद यांचा उगम हाच.

हे स्पष्टीकरण कागदावर पटणारे असले तरी त्याची कसोटी घ्यायला हवी होती. पहिल्या चाचणीत तीच डिस्क, तीच केबल, शेजारच्या काळ्या यूएसबी २.० पोर्टमध्ये लावली. डिस्क तेवढीच जवळ, तिची मोटर तशीच फिरते, वीज तितकीच घेते, बॅकअपही चालू. बदलला तो केवळ जोडणीचा वेग. माउस स्वच्छ चालला. दुसऱ्या चाचणीत डिस्क पुन्हा निळ्या पोर्टमध्ये, पूर्वीच्याच जागी ठेवली आणि डोंगल मात्र मीटरभर लांबीच्या एक्स्टेन्शन केबलवर घेऊन टेबलावर आणले. माउस पुन्हा स्वच्छ. एकदा गोंगाट बंद केला, एकदा गोंगाटापासून दूर गेलो, आणि दोन्ही वेळा दोष गेला; यानंतर शंकेला जागा राहिली नाही. कॉपी संपल्यानंतर डिस्क नुसती जोडून ठेवली तरी पूर्वीच्या मांडणीत कर्सर अडखळतच होता, हेही या कारणाशी सुसंगत आहे, कारण यूएसबी ३.० ची जोडणी जागी असेपर्यंत पाठवायला डेटा नसतानाही तारेतून बिटांचा प्रवाह चालूच राहतो. डिस्कची मूळ केबल हरवल्यामुळे बाजारातली स्वस्त केबल वापरात होती, असेही बोलण्यात आले. माझ्याजवळची जाड, चांगल्या कवचाची केबल लावल्यावर त्रास कमी झाला, परंतु गेला नाही. केबलचा वाटा होता, मुख्य दोष जवळिकीचा होता.

उपायांत निवड करायची होती. डिस्क कायमची काळ्या पोर्टमध्ये लावणे सर्वांत सोपे आणि बिनखर्चाचे होते, पण बॅकअपचा वेळ त्यामुळे वाढला असता. यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइट मिळतात, तर तीच फिरती डिस्क यूएसबी ३.० वर १०० मेगाबाइटच्या आसपास जाते. संध्याकाळी रोकड जुळल्यावर बॅकअप पूर्ण होईपर्यंत मॅडमना थांबावे लागते, त्यांची गावाकडची एस.टी. ठरलेली आहे, आणि मार्चमध्ये मुळातच उशीर होतो. हा वेळ वाचवण्यासाठीच तर नवी डिस्क घेतली होती. म्हणून डिस्क निळ्या पोर्टमध्येच ठेवली आणि डोंगल हलवले. शंभर-दोनशे रुपयांत मिळणारी यूएसबी २.० ची एक्स्टेन्शन केबल काळ्या पोर्टमधून काढून टेबलाच्या मागच्या कडेने वर आणली, तिचे टोक मॉनिटरच्या पायाशी चिकटवले आणि डोंगल त्यात बसवले. आता डोंगल आणि माउस यांच्यात मोकळी हवा आहे आणि डिस्क पत्र्याच्या पलीकडे आहे. माउससाठी यूएसबी ३.० च्या पोर्टचा काडीचाही फायदा नसतो, हे इथे सांगायला हवे. त्याच्या चिमूटभर माहितीला सर्वांत जुना पोर्टही पुरून उरतो.

मी व्यवस्थापकांना आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सुचवली : रोखीच्या काउंटरवर तारेचा माउसच असावा. तिथे माउस टेबलाबाहेर जात नाही, वायरलेसची सोय वापरलीच जात नाही, आणि सेल उतरण्याची, लहरी बिघडण्याची जोखीम मात्र पत्करली जाते. नवा वायरलेस माउस आधीच खरेदी झालेला असल्याने तोच वापरायचे ठरले, हे समजण्यासारखे आहे. तडजोड म्हणून तारेचा एक माउस रोखपालांच्या खणात ठेवला आहे. पुन्हा कधी त्रास झाला तर आधी तो लावायचा. त्यानेही अडकले तर दोष संगणकात, आणि तो ठीक चालला तर दोष माउस, सेल किंवा लहर यांत, एवढे तिथल्या तिथे कळते.

माउस पूर्ण बंद पडला असतानाही हातातली नोंद सुरक्षित पूर्ण करता यावी म्हणून कीबोर्डवरची रीतही मॅडमनी शिकून घेतली. टॅबने पुढच्या चौकटीत जायचे, एंटरने जतन करायचे, ऑल्ट आणि टॅबने दुसऱ्या खिडकीत जायचे. डावीकडची ऑल्ट व शिफ्ट आणि नम लॉक या तीन कळा एकत्र दाबून होकार दिला की उजवीकडच्या अंकांच्या कळांनी कर्सर हलवता येतो आणि पाचच्या कळेने क्लिक करता येतो. ही सोय विंडोजमध्ये पूर्वीपासून आहे. ती हळू चालते, तरी अर्धवट पावती सोडून संगणक बंद करण्यापेक्षा कितीतरी बरी.

एक्स्टेन्शन केबल बसवल्यानंतर मार्चअखेरचे बॅकअप, ज्यात वर्षभराचा डेटा एकत्र घेतला जातो, डिस्क निळ्या पोर्टमध्येच ठेवून झाले आणि माउसची तक्रार आली नाही. एप्रिलमध्ये शाखेतल्या दुसऱ्या टेबलावरून वायरलेस कीबोर्ड घेण्याविषयी विचारणा झाली, तेव्हा त्याचे डोंगलही अशाच वेगळ्या केबलवर, डिस्कच्या पोर्टपासून दूर बसवण्याचे ठरले. सीपीयूच्या मागे निळ्या पोर्टशेजारी ‘फक्त बॅकअप डिस्क’ अशी पट्टी मामांनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून चिकटवली आहे.